बाटलीतली गुंगी, डबीतली गुंगी

आपल्या धंद्याविषयी लिहायचं तर माणूस निदान पेन्शनीत निघालेला असावा, असा दिवाळी अंकांचा अलिखित कायदा दिसतो. माझं वय अठ्ठावीस. डोक्यावरचे केस सगळे काळे आणि जागच्या जागी आहेत. तरीही संपादकांनी गळ घातली. म्हणाले, "तुम्ही चार वर्षं लोकांना बेशुद्ध करत होतात. हल्ली तेच काम व्याख्यानांनी करता. त्यातलं पहिलं लिहा." म्हणून पहिलं लिहितो.

मी राजूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. युद्धाचे दिवस होते. त्याआधी पत्रकं छापण्याच्या आणि वाटण्याच्या नादात माझी शाळा सुटली होती. छापखान्याच्या शाईचा वास मला अत्तरासारखा वाटे. दारूबंदीचं पत्रक, खादीचं पत्रक, स्वदेशीचं पत्रक, अंधश्रद्धेवरचं पत्रक, यांवरच मी वाढलो. इतर मुलं पाढे म्हणत तेव्हा मी पत्रकं म्हणत असे. पुढे पोटासाठी काहीतरी करणं भाग पडलं आणि डॉक्टर शांतवन साळवे यांनी मला ठेवून घेतलं. ते नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, शांत, जाड चष्म्याचे. दवाखान्यात तिसरं माणूस म्हणजे रूथबाई. त्या नर्स होत्या, स्वयंपाकीण होत्या आणि डॉक्टर बाहेरगावी असले की डॉक्टरही होत्या. मला त्या कधीच नावानं हाक मारीत नसत. "काय पत्रके, आज कोनतं पत्रक?" हा त्यांचा नमस्कार.

दुसरा डॉक्टर मिळण्याचे ते दिवस नव्हते. तेव्हा डॉक्टर चिरायचे आणि क्लोरोफॉर्म मी द्यायचा. हे नियमात बसत होतं का, असं कृपा करून विचारू नका. डोंगरातून चार-चार कोस झोळीत घालून आणलेल्या माणसापुढे नियम वाचायला आमच्याकडे कोणी नव्हतं.

काम काय, तर ते बघणाऱ्याला फार सोपं दिसतं. चहाच्या गाळणीसारखी तारेची एक मोठी जाळी असते. तिच्यावर विरळ कापडाच्या घड्या ताणून बसवायच्या आणि ती रोग्याच्या नाकातोंडावर धरायची. आधी गालांना व्हॅसलीन चोळायचं, नाहीतर कातडी भाजते. डोळ्यांवर ओली पट्टी ठेवायची. बाटलीच्या बुचाला खाच पाडलेली असते, तिच्यातून त्या कापडावर एकेक थेंब सोडायचा. गोडसर वास येतो. रोगी आधी बडबडतो, मग झगडतो, मग निजतो. निजण्याच्या पुढेही एक पायरी आहे. तिच्यावर पाय पडू न देणं, एवढंच माझं काम. त्यासाठी एका हाताचं बोट जबड्याखाली, दुसऱ्या हातात बाटली, कान श्वासाकडे आणि मधूनमधून पट्टी सारून डोळ्याच्या बाहुलीकडे नजर. शिकवताना डॉक्टर म्हणाले होते, "वसंता, लोक समजतात आपण औषध देतो. आपण माणूस उसना घेतो. परत करायचा असतो."

आता या औषधाला म्हणायचं काय, यावर आमच्या दवाखान्यात मोठं महाभारत झालं, आणि ते अर्थात मीच केलं.

रूथबाई रोग्यांना सांगत, "झोपेचं औषध देतो हां." मी म्हणालो, हे खोटं आहे. झोपलेल्या माणसाला हाक मारली की तो उठतो, हा उठत नाही. डॉक्टर म्हणत, "भूल देतो." मला तेही पटेना. भूल देतो तो ठक, बाजारात पाकीट मारणारा. आम्ही काय लोकांना भुलवतो? आमच्या पत्रकांतून मी शिकलो होतो की नवा विचार हवा तर नवा शब्द हवा. म्हणून मी रात्रभर बसून 'संवेदनाहरण' असा शब्द तयार केला आणि पाटीवर ठळक अक्षरांत रंगवला: 'येथे संवेदनाहरण करून शस्त्रक्रिया केली जाते.' दुसऱ्या दिवशी बाजारला हिरडा विकायला आलेला एक म्हातारा पाटीखाली थबकला. कोणाकडून तरी ती वाचून घेतली आणि मला म्हणाला, "शीताहरन ठावं हाय आमाला. हे कोन नवी बाई?" रूथबाईंनी तोंडाला पदर लावला. आठ दिवसांत पाटी उतरली.

लोकांचा शब्द मात्र ठरलेला होता. 'गुंगी.' "गुंगीचं पानी हुंगवत्यात आन मग कापत्यात," असं डोंगरातली बाई बाईला सांगे, आणि माझ्या मते नेमकं सांगे. पण तो शब्द मला दवाखान्यात नको होता. कारण 'गुंगी' हा आमच्या पत्रकांतला शत्रूचा शब्द. परकी सत्ता ही गुंगी, जातीचा अभिमान ही गुंगी, दारू, गांजा, अफू या तर उघड उघड गुंग्या. जो शब्द आपण शत्रूला मारायला वापरतो तो मित्राला कसा लावायचा? मी लोकांना भर दवाखान्यात दटावीत असे, "गुंगी म्हणायचं नाही. गुंगी वाईट असते. हे औषध आहे."

डॉक्टर एकदाच म्हणाले, "शब्दात विष नसतं रे वसंता. मात्रेत असतं." मला तेव्हा ते फार थंड रक्ताचं बोलणं वाटलं.

या कामात माणसाचे नमुने फार पाहायला मिळतात. श्रीगोंद्याकडचा एक पैलवान इकडच्या जत्रेत कुस्तीला आला आणि खांदा निखळवून आमच्याकडे आला. झगडण्याच्या पायरीवर त्यानं एका हातानं डॉक्टरांना उचललं, रूथबाईंना भिंतीशी नेऊन ठेवलं आणि "बोला, कुनाची पाठ लागली?" असं गरजून त्यानं मला जाळीबाटलीसकट खाली घेतलं. त्या झटापटीत खांदा आपोआप जागेवर बसला. शुद्धीवर आल्यावर तो हात जोडून विचारतो, "डॉक्टर, लई तरास दिला का?" डॉक्टर टेबलाखाली चष्मा शोधत म्हणाले, "छे छे. आम्ही हरलो, एवढंच."

एक तलाठी होते. बेशुद्धीत माणूस मनातलं सगळं ओकतो, अशी सर्वत्र समजूत. तलाठ्यांनी बायकोला फाटकाबाहेर उभं केलं आणि मला देवाची शपथ घालून विचारलं, "मी जे बोलेन ते तुमच्याजवळच राहील ना?" मी गंभीरपणे हो म्हटलं. त्यांच्या पायाची गाठ काढायला पाऊण तास लागला. निजेपर्यंत आणि मग शुद्धीवर येताना ते एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होते: "साहेब, नकाशा घरी राहिला." हे गुपित मी आज पहिल्यांदा फोडतो आहे.

आणि एक ठाकर होता, त्याचं नाव मी विसरलो. पण माझी सगळी हातोटी त्याच्याकडून आली. क्लोरोफॉर्म देताना रोग्याला आकडे मोजायला सांगतात. आकडे अडखळले की औषध लागू होतंय, असं समजायचं. त्या माणसाला मी म्हटलं, "एकपासून मोज." त्यानं माझा हात घट्ट धरला. म्हणाला, "मला मोजाया येत न्हाई. पन माघारी धाडू नका." त्याला वाटलं, ही परीक्षा आहे आणि नापास झाला तर पाय तसाच सडणार. मी घाईघाईनं म्हणालो, "बरं, मोजू नको. इथून तुझ्या घरी कसं जायचं ते सांग." त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "हितनं निघायचं. वढा लागतू. वढ्याच्या पल्याड जांभळीचं झाड. मग चढ…" श्वास हळूहळू संथ झाला, आणि घराच्या थोडं अलीकडेच तो निजला. जागा झाला तेव्हा पहिला शब्द म्हणाला, "...मग आमचं कुडाचं घर."

तेव्हापासून मी कोणालाच आकडे विचारले नाहीत. सगळ्यांना घरची वाट विचारायची. चार वर्षांत डोंगरातल्या साऱ्या पायवाटा मी टेबलाशी उभा राहून चाललो. एक गोष्ट ध्यानात आली. वाटेवरच्या सात-आठ खुणा सांगितल्याशिवाय कोणी निजत नसे. धट्टाकट्टा असेल तर दहा-बारा. या खुणा मी मनात मोजत असे. घड्याळापेक्षा त्या खऱ्या.

हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पुढचं घडलं, म्हणून तर हा लेख.

एका साली मी माझं सर्वांत जळजळीत पत्रक लिहिलं. नगरला छापून आणलं, लाल शाईत. मथळा होता 'गुंगी हीच गुलामी!' त्या डोंगरपट्ट्यात आया कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी चाटवत. तिला बाळगोळी म्हणत. मूल दिवसभर पाळण्यात गप्प पडून राही आणि आई खाचरात काम करी. अशी दोन मुलं मी दवाखान्यात दगावलेली पाहिली होती. एक माझ्या हातातच गेलं. त्या रागात मी लिहिलं होतं: 'अफू खाणारा देशाचा शत्रू. आणि बाळाला अफू देणारी सुईण ही सुईण नव्हे, मारेकरीण आहे. अशांना उंबऱ्यातही घेऊ नका.' पत्रक मी दवाखान्याच्या ओटीवर, बाकाच्या अगदी वर, खळीनं चिकटवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना रोज सकाळी औषधवाटपाच्या आधी खड्या आवाजात वाचून दाखवू लागलो. रूथबाई म्हणाल्या, "पत्रके, लोक हितं खोकला घेऊन येतात. तुम्ही त्येंना शिव्या कशाला देता?" मी म्हणालो, "ज्यांना लागेल त्यांनाच त्या लागतील." अगदी बरोबर बोललो होतो.

ठकूबाई आली ती अशाच एका सकाळी. कुमशेतकडच्या एका वाडीतली म्हातारी, काटकुळी, कपाळभर गोंदलेली. सोबत सावळा नावाचा तिचा मुलगा. म्हातारीचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. करवंदाच्या जाळीत हात घातला, काटा तळव्यात मोडला, त्यावर पाला बांधला, आणि आता तळहात कोहळ्यासारखा फुगून मनगटापर्यंत लाल झालेला. ती दोघं बाकावर बसली तेव्हा माझं वाचन चालू होतं. मला आठवतं, 'मारेकरीण' या शब्दावर मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला होता.

डॉक्टरांनी हात पाहिला. "आजी, पू खोल आहे. आज चिरावं लागेल. उद्यापर्यंत थांबलात तर कदाचित हातच काढावा लागेल."

"हात काढू नगा, बाबा," ती म्हणाली. इतका वेळ कळ सोसूनही न हललेला तिचा आवाज इथं हलला. "मी सुईन हाय. आमच्या आठ वाड्यांत कुनी न्हाई दुसरं. पायाळू पोर पोटात फिरवायचं तर ह्योच हात लागतु. वाडीत दोघी दिवस भरल्याल्या हायती."

डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच आज."

टेबलावर निजवल्यावर ती माझ्या बाटलीकडे बघत राहिली. "ह्ये काय रं?"

"औषध. हे हुंगलं की कळत नाही."

"म्हंजी गुंगीच की."

"गुंगी नव्हे, आजी. गुंगी वाईट. हे शास्त्रीय औषध."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. डोळ्यांत अगदी बारीक हसू होतं. "आमच्या डबीतली ती गुंगी, आन तुमच्या बाटलीतलं ते आवशिद."

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. 'आमच्या डबीतली' असं ती म्हणाली होती. पण मला त्यात फक्त टोमणा ऐकू आला, आणि टोमण्याला उत्तर देण्याची आमची सवय. मी दोन मिनिटं व्याख्यान दिलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, जो विचारल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नसतं. "अफू, गांजा, दारू असलं काही घेत नाही ना?"

बघा, प्रश्नच कसा विचारला. 'घेत नाही ना?' असा विचारला, म्हणजे उत्तर मीच देऊन ठेवलं होतं.

ती जरा वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई बाबा. असलं काय न्हाई."

"छान. आता घरची वाट सांगा."

"हितनं निघायचं. बाजार मागं टाकायचा. मग वढा. मग… मग हिरड्याची झाडी…"

आणि ती निजली. अवघ्या तीन खुणांत. धड बडबड नाही की झगडा नाही. मला वाटलं, काय हात बसलाय आपला! रूथबाईंकडे मी विजयी मुद्रेनं पाहिलंसुद्धा. डॉक्टरांनी चिरा घेतला. पू भळाभळा आला. मी पट्टी सारून बाहुली पाहिली. मोहरीएवढी बारीक. नवशिक्याला शिकवलेलं असतं की बाहुली बारीक असली तर झोप चांगली, मोठी होऊ लागली तर धोका. मी समाधानानं आणखी थेंब सोडले. डॉक्टरांचं काम खोलवर चाललं होतं, तिला कळ लागता कामा नये.

रूथबाई दुसऱ्या बाजूला तिचा डावा हात धरून उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "वसंत, नखं बघ." त्यांनी मला नावानं हाक मारली ती ही पहिलीच वेळ.

नखं जांभळी होती. मी कान लावला. श्वास आला. मी पुढच्याची वाट पाहिली. पाहतच राहिलो.

"जाळी काढ!" डॉक्टर ओरडले. सुरी तसराळ्यात पडली. त्यांनी चिमट्यानं तिची जीभ बाहेर ओढली, पापणी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. "ही बाहुली क्लोरोफॉर्मची नाही, अफूनं अशी होते. हिनं काय घेतलंय?"

"नाही म्हणाली. मी विचारलं होतं."

"जा, मुलाला विचार!"

मी ओटीवर धावलो. सावळा बाकावर बसला होता, बरोबर माझ्या लाल पत्रकाखाली. "तुझ्या आईनं सकाळी अफू घेतली का?" तो उठून उभा राहिला. मान खाली. नुसता उभा. मी त्याचे दंड धरून हलवले. "अरे बोल! ती मरतेय आत!"

त्यानं डोळे वर केले ते माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे. "तुमीच तं वाचलं," तो म्हणाला. "उंबऱ्यात घिऊ नका म्हून. ती म्हनली, सांगितलंस तर माघारी धाडतील, हात जाईल." मग हुंदका देऊन म्हणाला, "दोन गोळ्या घेतल्या. निघायच्या येळंला. दोन रात्री निजली न्हवती कळंनं."

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डॉक्टरांनी सुई टोचली. मला म्हणाले, "हात डोक्यावर ने, छातीवर दाब, परत वर." तो काटकुळा डावा हात आणि तो चिरलेला उजवा, दोन्ही वर न्यायचे, खाली आणायचे, फासळ्यांवर दाबायचे. एक श्वास मी द्यायचा, मग आणखी एक. मी मनात काय म्हणत होतो ते सांगतो. बाजार मागं टाकायचा. ओढा. हिरड्याची झाडी. बाजार. ओढा. हिरड्याची झाडी. पुढची वाट मला माहीत नव्हती. ती तिलाच माहीत होती. ती तिनं सांगितल्याशिवाय माझी सुटका नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. माझे खांदे बधिर झाले तेव्हा रूथबाईंनी मला बाजूला ढकललं आणि स्वतः सुरुवात केली. मग पुन्हा मी. अखेर एकदा मी हात वर नेला आणि छाती माझ्या आधी हलली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि खाली वाकून हाताची जखम धुऊन पट्टी बांधू लागले.

दुपार कलताना ती शुद्धीवर आली. मी उशाशी बसलो होतो. ओठ हलले म्हणून वाकलो.

"...मग वाघोबाचं ठानं," ती म्हणाली. "तितं नारळ ठिवायचा. मग खिंड."

मी रडलो हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी पाढे न शिकलेला माणूस. त्या दिवशी वाट मात्र शेवटपर्यंत ऐकली. खिंड, मग दोन आंबे, मग नाचणीची खाचरं, मग तिचं घर.

संध्याकाळी तिला थोडं पेज गेल्यावर मी म्हणालो, "आजी, तुम्ही खोटं का बोललात? जीव गेला असता."

"तू खरं सांगू दिलंस व्हय?" ती म्हणाली. राग नव्हता, म्हातारीनं नातवाला सुनावावं तसं. "भिताडावर लिवून ठिवलंस मारेकरीन. आन मग इचारतूस, आजी, तू मारेकरीन न्हाईस ना? आता कोन म्हनंल, हाय म्हून?"

 

"पण बाळांना देता ते वाईटच ना?" अखेर मी म्हणालो. तेवढं तत्त्व मी सोडणार नव्हतो, आजही सोडलेलं नाही.

"दोन पोरं गेली माज्या हातनं," ती म्हणाली. "मात्रा चुकली. तुज्यागत."

त्या रात्री मी ओटीवरचं पत्रक काढायला गेलो. खळ चांगली लागली होती, निघता निघेना. नखांनी खरवडावं लागलं, तरी लाल मथळ्याचे डाग भिंतीवर राहिले. डॉक्टर आतून पाहत होते. मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर निदान 'मी म्हणत नव्हतो?' असं म्हणतील. ते इतकंच म्हणाले, "वसंता, उद्यापासून प्रश्न कसा विचारशील?"

मी म्हणालो, "शेवटची गोळी कधी घेतली, असं विचारीन."

"आणि घेत नसेल तर?"

"तर तो रागावेल. रागावलेला परवडला."

तसंच झालं. पुढच्या आठवड्यात एका बुवांना मी विचारलं, "महाराज, शेवटचा गांजा कधी ओढला?" ते संतापून टेबलावर उठून बसले. "मी माळकरी आहे!" मी म्हणालो, "उत्तम, निजा." पण दुसरे कितीतरी जण काहीच न रागावता, हवापाण्याचं बोलावं तसं सांगून टाकीत: "काल सांच्याला." "आत्ता येताना, वाईच." जे इतक्या दिवसांत मला कधी ऐकूच आलं नव्हतं ते आता रोज ऐकू येऊ लागलं. याआधी माझ्या 'नाही ना?'ला 'नाही' म्हणालेले किती जण नशिबानं वाचले असतील, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

ठकूबाईचा हात वाचला. करंगळी तेवढी वाकडी राहिली. वाडीतल्या दोघींपैकी एकीचं बाळंतपण तिनं डाव्या हातानं केलं, दुसरीचं दोन्ही हातांनी. तिनं स्वतःची गोळी सोडली का? नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माजं वय बघ, मग बोल." असं उत्तर पत्रकात बसत नाही, पण खोटं लिहिणार नाही म्हणून लिहिलं.

पुढच्या भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. भर दुपारी ठकूबाई दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसली. घामानं निथळत होती. मागे एक पोरगेली आई आणि तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं मूल. मूल पांढरं पडलं होतं, मान टाकली होती. ती आई ओटीवरच थांबली आणि भिंतीकडे बघून मागे सरली. भिंतीवर आता काही नव्हतं, फक्त लाल डाग होते, पण पत्रकाची कीर्ती डोंगरभर पसरली होती.

ठकूबाईनं तिच्या पाठीत हात घालून आत ढकललं आणि मला म्हणाली, "हिला रागं भरायचं न्हाई. आदी सांगते. इचार तुजा सवाल."

मी त्या मुलीकडे पाहिलं. घशात आलेली चार वाक्यं गिळली. त्यातली दोन फार चांगली होती. मग शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "कधी दिली, ताई? आणि केवढी?"

ती रडत रडत म्हणाली, "सकाळच्याला. ज्वारीएवढी. रडाया लागलं म्हून परत दिली."

डॉक्टरांना तेवढं पुरेसं होतं. मूल त्या गुंगीतून सोडवायला संध्याकाळ झाली. पण शेवटी ते असं कोकललं की बाजारातली माणसं दारात जमा झाली. इतका सुंदर आवाज मी कोणत्याही सभेत ऐकलेला नाही.

निघताना ठकूबाई ओटीवर थांबली. वाकड्या करंगळीनं तिनं भिंतीकडे बोट केलं. "हितं अजून काय लावलं न्हाईस?"

"नाही, आजी."

"का? लिवाया येत न्हाई आता?"

"येतं. पण काय लिहावं कळत नाही."

"मग बस," ती बाकावर टेकत म्हणाली. "मी सांगते, तू लिव. आन लाल शाई नगं. लोक भित्यात."

मी दौत-टाक आणलं. तिनं सांगितलं ते तसंच लिहिलं, एकही शब्द न बदलता. मला फार मोह झाला, तरी 'गुंगी' हा शब्दसुद्धा तसाच ठेवला. माझ्या सगळ्या पत्रकांत लोकांनी ऐकलेलं ते एकच पत्रक. चार ओळींचं होतं:

'पोराला गुंगी दिली आसंल तर लपवू नका. आपल्या आंगात गुंगी आसंल तरी लपवू नका. किती आन कवा, तेवढं सांगा. हितं कुनी रागं भरत न्हाई.'

मी शेवटच्या ओळीखाली सही करायला टाक टेकवला. ठकूबाईनं माझा हात धरला.

"सही नगं," ती म्हणाली. "आदी रागं भरू नकोस. वरीसभर बघते. मग सही कर."